राजाज्ञेची इगर्जी

पणजीहून जुन्या गोव्यास जाण्याचे मार्ग आता एकाहून अधिक झाले आहेत. परंतु त्या नगरीचा पूर्ववृत्तान्त मनात जागा ठेवून तिच्या वेशीशी ज्याला उतरावयाचे असेल, त्याने रायबंदरचा जुना बांध सोडू नये. लिन्यारिशचा कौंट मिगेल द नोरोन्या हा गोव्याचा विजरई, म्हणजे व्हाइसरॉय, असताना १६३३-३४ या सालांत खाजणांवरून आणि मिठागरांवरून घातलेला हा सुमारे तीन किलोमीटर लांबीचा बांध आज मोटारींची आणि बसगाड्यांची ती वर्दळ सोसतो, जिची कल्पनाही तो बांधणाऱ्यांनी केली नसेल. एका बाजूस मांडवीचे संथ, तांबूस पाणी आणि दुसऱ्या बाजूस भरती-ओहोटीच्या हुकमतीत जगणारी हिरवी खाजणे, अशा वाटेने रायबंदर मागे टाकून आपण पुढे सरकलो, की दोन्ही बाजूंस वस्ती विरळ होत जाते आणि माडांच्या शेंड्यांवरून पांढरी शिखरे डोकावू लागतात. ज्या शहराला पाहिल्यावर लिस्बन पाहण्याची गरज उरत नाही, अशी म्हण एकेकाळी पोर्तुगिजांच्या तोंडी होती, ते शहर हेच. आणि आता त्यात शहर म्हणावे असे काही नाही, केवळ इगर्ज्या आहेत.

भाद्रपद सरत आला होता. पावसाने उघडीप दिली असली तरी हवेत दमटपणा होता, आणि हिरवळीवर पाय ठेवताच चपलेखाली पाणी चुबकत होते. बसमधून उतरलेली मंडळी नेहमीप्रमाणे उजवीकडे वळली. तिकडे बॉम जेझूची बासिलिका आहे, तिथे सेंट फ्रान्सिस झेवियरचे शरीर चांदीच्या पेटीत ठेवलेले आहे आणि नवस बोलणारी, नवस फेडणारी, मेणबत्त्या विकणारी व विकत घेणारी सारी दुनिया तिकडेच लोटते. मी डावीकडे वळलो. रस्त्याच्या या अंगास, प्रशस्त हिरवळीच्या मागे, सेंट कॅथरिनच्या नावाने उभारलेले कॅथेड्रल, गोवेकरांच्या भाषेत ‘से’, आपल्या एकाच मनोऱ्यानिशी पूर्वेकडे तोंड करून उभे आहे. गोव्याच्या आर्चबिशपचे पीठ येथे असल्यामुळे मानमरातबाने या प्रदेशातील सर्व इगर्ज्यांत ते अग्रगण्य. विस्ताराने तर आशियातील मोठ्यांत मोठ्या चर्चांत त्याची गणना होते. तरीही येथे येणाऱ्यांची संख्या रस्त्यापलीकडच्या गर्दीच्या मानाने नेहमीच थोडी, आणि आलेल्यांपैकी पुष्कळजण छायाचित्र घेऊन पाच मिनिटांत परततात. याचे कारण मला त्या वास्तूच्या जन्मकथेतच दिसते. बॉम जेझूकडे लोक एका संताच्या ओढीने जातात. से मात्र जन्मापासून सरकारी आहे. राजाच्या हुकुमाने, राजाच्या खजिन्यातून आणि राज्याच्या ऐश्वर्याचे प्रदर्शन मांडण्याच्या हेतूने ती बांधली गेली, आणि एखाद्या सुभ्याच्या कचेरीसमोर उभे राहिल्यावर मनात जो दरारा उत्पन्न होतो, त्याची छटा चार शतकांनंतरही तिच्या दर्शनी भिंतीवरून पुसली गेलेली नाही.

ही दर्शनी भिंत सुमारे ३५ मीटर उंच आहे. तिच्यात तीन दरवाजे आहेत, मधला मोठा आणि स्तंभांनी सजवलेला. त्यावर कोरलेल्या लॅटिन लेखात १५६२ हे साल आहे, दोम सेबास्तियांव या राजाचे नाव आहे आणि राजाज्ञेचा व राजाच्या खर्चाचा निर्देश आहे. देवाच्या दारावर जमाखर्चाची ही नोंद पाहून मला मौज वाटली. आपल्याकडे देवळांच्या पायऱ्यांवर देणगीदारांची नावे असतात, ती भाविकांच्या पायाखाली तुडवली जावीत अशी त्यामागे विनयाची भावना तरी असते. येथे मात्र लेख माथ्यावर आहे आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाने मान वर करूनच तो वाचावयाचा आहे. भिंतीची बाकीची रचना अत्यंत संयमित आहे. सपाट चौकटी, सरळ स्तंभ, थोड्या खिडक्या, आणि नक्षीच्या नावाने जवळजवळ काही नाही. स्थापत्याचे जाणकार बाहेरच्या या शैलीला टस्कन आणि आतल्या शैलीला कोरिंथियन म्हणतात. पोर्तुगालमध्ये सोळाव्या शतकाच्या मध्यास लैरिया, पोर्तालेग्रे, मिरांदा द दौरो इत्यादी गावी जी कॅथेड्रले उभी राहिली, त्यांच्या कुळातलीच ही एक. फरक इतकाच, की तिकडे जो दगड होता तो इकडे नव्हता, म्हणून कोकणच्या जांभ्याचे चिरे घेऊन त्यांवर चुन्याचा जाड गिलावा चढवावा लागला.

या इगर्जीला कॅथरिनचेच नाव का, हा प्रश्न पाहणाऱ्यास सहज पडावा. अलेक्झांड्रियाची ही राजकन्या, पन्नास तत्त्ववेत्त्यांना वादात निरुत्तर करणारी, जिला दाते असलेल्या चक्रावर बांधण्याची शिक्षा झाली असता त्या चक्राचेच तुकडे झाले अशी, आणि अखेरीस शिरच्छेद होऊन हुतात्मा झालेली, असे तिचे आख्यान ख्रिस्ती परंपरा सांगते. त्यात गोव्याचा संबंध कुठेच येत नाही. संबंध आहे तो पंचांगाचा. अफोंसो द आल्बुकेर्क याने १५१० च्या पूर्वार्धात विजापूरकरांच्या हातून गोवा एकदा घेतले होते, पण आदिलशाही फौज चालून येताच मे महिन्यात त्याला ते सोडून मांडवीच्या मुखाशी जहाजांवर पावसाळा काढावा लागला. नंतर होनावरच्या तिमय्याची कुमक घेऊन तो परतला आणि २५ नोव्हेंबर १५१० रोजी त्याने शहर पुन्हा सर केले. ती तिथी सेंट कॅथरिनच्या सणाची होती. विजयाचे श्रेय तिला दिले गेले, आणि शहराच्या तटाशी तिच्या नावाने तातडीने एक लहानसे प्रार्थनामंदिर उभे राहिले. तेच पुढे १५३४ मध्ये पोपच्या आज्ञापत्राने गोव्याचे पहिले कॅथेड्रल झाले. १५५० मध्ये जॉर्ज काब्राल या गव्हर्नरने त्याचा विस्तार केला. पण गोव्याचे बिशपपद वाढून आर्चबिशपपद झाले, आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून मकावपर्यंतचा ख्रिस्ती मुलूख जेव्हा त्याच्या छत्राखाली आला, तेव्हा ते छोटेखानी देऊळ दरबारी दिमाखाला अपुरे वाटू लागले. विजयाची पावती म्हणून बांधलेल्या मंदिराच्या जागी साम्राज्याची ग्वाही देणारी वास्तू हवी झाली.

१५६२ मध्ये, रेदोंदोचा कौंट फ्रान्सिस्को कोतिन्यो हा विजरई असताना, तिचे काम सुरू झाले. ज्या राजाचे नाव दारावर कोरले आहे, तो त्या वर्षी अवघा आठ वर्षांचा होता. तिसऱ्या वर्षी गादीवर बसवलेला हा पोरका मुलगा, त्याच्या वतीने कारभार पाहणारी आजी आणि पुढे त्याचा चुलत आजोबा असलेला कार्डिनल; म्हणजे ज्या आज्ञेने गोव्यात हा पाया खणला गेला, ती आज्ञा लिस्बनमध्ये दुसऱ्याच कोणाच्या तरी हाताने लिहिली गेली असणार. वयात आल्यावर सेबास्तियांवला धर्मयुद्धाचे वेड लागले, आणि १५७८ मध्ये मोरोक्कोतील अल्कासर-किबीरच्या रणांगणावर तो आपल्या सैन्यासह नाहीसा झाला. त्याला मूल नव्हते. दोन वर्षांत पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्या दुसऱ्या फिलिपकडे गेला आणि साठ वर्षे तिकडेच राहिला.

इकडे बांधकाम चालूच होते. चिरे येत होते, चुना भिजत होता, गवंडी व सुतार आपला रोज घेत होते, आणि त्याच काळात ज्या सत्तेचे हे स्मारक, तिच्या पायाखालची वाळू सरकत होती. १५६५ मध्ये तालिकोटच्या लढाईत विजयनगर बुडाले आणि अरबी घोड्यांच्या ज्या व्यापाराच्या जकातीवर गोव्याने तोवर चैन केली होती, तो व्यापार आटला. १५७० च्या अखेरीस विजापूरच्या अली आदिलशहाने गोव्याला वेढा घातला, आणि तो अनेक महिने चालला. लुईश द आताईद या विजरईने शहर वाचवले खरे, पण बाणस्तारीच्या बाजूला तोफा धडाडत असता येथील परांच्यांवर गवंड्यांनी ओळंबे लावले असतील की हातची थापी टाकून तटावर धाव घेतली असेल, याचा विचार मला त्या भिंतीखाली उभा असताना बराच वेळ पुरला. पुढे इंग्रज आणि डच आले. १६२२ मध्ये होर्मूझ गेले, १६४१ मध्ये मलाक्का गेले, १६६३ मध्ये कोची गेले. कॅथेड्रलचे मुख्य बांधकाम पुरे झाले १६१९ मध्ये. त्याचा विधिपूर्वक अभिषेक झाला १६४० मध्ये, म्हणजे ज्या वर्षाच्या डिसेंबरात पोर्तुगालला आपला स्वतंत्र राजा परत मिळाला त्याच वर्षी. आणि आतील वेद्यांचे काम तर १६५२ पर्यंत चालले होते. नव्वद वर्षे! इतक्या अवधीत तीन पिढ्या होतात. जी वास्तू जगज्जेत्यांच्या घमेंडीने आखली गेली, ती पुरी होईपर्यंत तिच्या मालकांची सारी शक्ती आहे ते राखण्यात खर्च होऊ लागली होती. एवढे झाले तरी आराखडा कुणी तोकडा केला नाही. येणाऱ्या प्रत्येक विजरईने आपल्या कारकिर्दीत चार चिरे चढवले आणि काम पुढच्याच्या हवाली केले. सरकारी कामाची ही चिकाटी मला त्यातील घमेंडीपेक्षा जास्त आदरणीय वाटते.

आत पाऊल टाकताच बाहेरचा दमटपणा मागे राहिला आणि जाड भिंतींनी सांभाळलेल्या गारव्याने अंग सुखावले. बाहेरून साधी आयताकृती दिसणारी ही इमारत आतून क्रुसाच्या आकाराची आहे. ७६ मीटरांहून थोडी अधिक लांबी, ५५ मीटर रुंदी. मध्ये भव्य दालन, त्याच्यावर अर्धगोल छत, दोन्ही बाजूंस खांबांच्या रांगा आणि त्यांपलीकडे कमानी छताच्या दोन ओवऱ्या. खांब इतके रुंद, की त्यांच्यामागे माणूस सहज दिसेनासा व्हावा. भिंती पांढऱ्या आहेत, छत पांढरे आहे, आणि त्या पांढरेपणात डोळ्यांना विसाव्यासाठी फारसे काही दिलेले नाही, यासाठी की दृष्टी कुठेही न अडखळता थेट समोरच्या मुख्य वेदीवर जाऊन पोहोचावी. गोव्यातील अनेक इगर्ज्यांमध्ये सोन्याचा मुलामा, फिरंगी देवदूत, गुंडाळलेले खांब आणि फुलापानांचे घोस यांची इतकी दाटी असते, की बघणाऱ्याला जेवणानंतर आणखी पंचपक्वान्ने वाढल्यासारखे होते. सेच्या आतील वैराग्य मला त्या दृष्टीने फार भावले. मधल्या खांबांवर इग्नेशियस लोयोला आणि फ्रान्सिस झेवियर यांचे लाकडी पुतळे पुढे आलेल्या आधारांवर उभे आहेत. एका खांबाला लाकडी प्रवचनपीठ बिलगलेले आहे. बाकी सारे शांत आणि मोकळे.

मुख्य वेदीचा प्रचंड पडदा मात्र या वैराग्याला अपवाद आहे आणि तो असणे रास्तच होते. छतापर्यंत चढत गेलेले हे सोनेरी लाकडी काम उतरत्या उन्हात पिवळ्याधमक तेजाने उजळते. त्यातील फलकांवर कॅथरिनचे आयुष्य आणि तिचे हौतात्म्य दाखवले आहे. पहाणाऱ्याने वेदीपासून फार दूर राहिल्यास ते नुसते सोने दिसते. कठड्यापर्यंत गेल्यावरच आकृत्या सुट्या होतात. पुरुषभर उंचीच्या पुढे लावलेल्या या फलकांची तपासणी करताना माझी मान अवघडली, आणि जुन्या काळच्या सामान्य भाविकाला यांतले किती दिसत असावे, ही शंका मनात येऊन गेली. बहुधा त्याला सोनेच दिसत असावे, आणि बांधणाऱ्यांचा हेतूही तोच असावा.

मुख्य दालनाच्या दोन्ही अंगांस चार चार उपमंदिरे आहेत. त्यांपैकी दोहोंच्या तोंडाशी लाकडी जाळीचे पडदे आहेत आणि ते जवळ जाऊन, हात पाठीशी बांधून, पुन्हा पुन्हा पाहावेत असे आहेत. जाळीतून द्राक्षवेल फिरवली आहे. तिचे ताणे, पाने आणि घोस असे कोरले आहेत, की लाकूड मूळचे कोणते होते ते ओळखू नये. द्राक्षवेल हे ख्रिस्ती प्रतीक असले तरी जाळी कोरण्याची ही तऱ्हा मला आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सुतारकामाच्या फार जवळची वाटली. गोव्यातील इगर्ज्यांच्या लाकूडकामात स्थानिक हिंदू कारागिरांचा हात होता, हे सर्वमान्य आहे; त्यांची नावे मात्र कुठल्याच दरवाजावर कोरलेली नाहीत. एका जाळीमागे पवित्र साक्रामेंताचे मंदिर आहे, त्याच्या भिंती आणि छत सोन्याच्या नक्षीने भरलेले आहे. बाहेरच्या पांढऱ्या उजेडातून तिथे डोकावले की एकाएकी एखाद्या जडजवाहिराच्या पेटीत पाहिल्यासारखे दिपायला होते.

दुसऱ्या जाळीमागे चमत्कारांचा खुरीस आहे, आणि माझ्या मते साऱ्या कॅथेड्रलमध्ये लोकांची म्हणावी अशी हीच एक जागा. १६१९ मध्ये जुन्या गोव्याच्या एका टेकडीवरील या लाकडी क्रुसावर ख्रिस्ताचे दर्शन घडल्याची वार्ता पसरली. हा क्रूस वाढत जातो, अशीही श्रद्धा आहे. पुढे १८४५ मध्ये तो टेकडीवरून उचलून येथे आणला गेला. ज्या वर्षी राजाज्ञेने उभारलेली ही इमारत पुरी झाली, नेमक्या त्याच वर्षी टेकडीवरच्या लोकांनी आपला चमत्कार आपणच शोधून काढला, ही गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली. मी तिथे होतो तेवढ्या वेळात मुख्य वेदीपुढे गुडघे टेकणारे एक जोडपे आले, तेही घाईत. परंतु या जाळीपाशी माणसे एकामागून एक येत होती. डोक्यावर पदर घेतलेली एक कारवारकडची बाई, तिच्या कपाळावर कुंकू होते, जाळीला बोटे लावून ती बोटे आपल्या डोळ्यांना लावीत बराच वेळ पुटपुटत राहिली. तिच्याबरोबरच्या मुलीने तिला ‘चल गे आई, बस चुकतली’ म्हणून दोनदा खुणावले. तिने मान वळवली नाही.

जवळच उजव्या हाताला, दारापाशी, १५३२ सालचे बाप्तिस्म्याचे पात्र आहे. म्हणजे हे पात्र इमारतीहून तीस वर्षांनी जुने, आणि फ्रान्सिस झेवियरने ते वापरले असावे असे परंपरेने मानले जाते. तो १५४२ मध्ये गोव्यास आला आणि दहा वर्षांनी चीनच्या किनाऱ्यावर वारला, तेव्हा या कॅथेड्रलचा पायाही खणला गेला नव्हता. पात्र जुन्या कॅथेड्रलमधून आलेले, असा याचा उलगडा. या पात्रापाशी उभे राहून गोव्यातील धर्मांतराच्या इतिहासाचा विचार टाळता येत नाही, आणि मराठी माणसाला तर तो अधिकच कटू वाटतो. मांडवीपल्याडच्या दिवाडी बेटावरील कदंबांचे कुलदैवत सप्तकोटेश्वर येथून जवळच होते. १५४० च्या सुमारास ते देवालय पाडले गेले, लिंग नदीपार नार्व्याला नेले गेले, आणि तेथल्या मंदिराचा जीर्णोद्धार १६६८ मध्ये शिवाजीमहाराजांनी करविला. त्याच धर्मप्रसाराच्या भरात आलेल्या फादर स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेझुइटाने मात्र मराठीचा असा छंद घेतला, की १६१६ मध्ये त्याचे ख्रिस्तपुराण ओवीवृत्तात छापले गेले. तो गोव्याला पोहोचला १५७९ मध्ये. या भिंतींचे काम तेव्हा चालूच होते. राजाच्या खजिन्याला जे साधले नाही, ते त्याच्या ओव्यांनी साधले, असे म्हणण्याचा मोह मला होतो, कारण चार शतकांनंतरही मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्याला मानाचे पान आहे.

बाहेर आल्यावर डाव्या अंगाचा मनोरा, म्हणजे दर्शनी भिंतीकडे पाहणाऱ्याच्या डावीकडचा, दक्षिणेचा, पुन्हा लक्ष वेधून घेतो. त्यातच ती प्रसिद्ध सुवर्णघंटा आहे. सोन्याची नाही, नादामुळे तिला ते नाव पडले. गोव्यातील घंटांत ती सर्वांत मोठी, आणि ती १६५२ मध्ये कुंकळ्ळीस ओतली गेली असे सांगतात. कुंकळ्ळीचे नाव निघाले की आणखी एक साल आठवल्याशिवाय राहत नाही: १५८३, जेव्हा तेथील गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार केले आणि त्याच्या सुडापोटी गावच्या मुखत्यारांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून दग्याने मारले गेले. गोव्यात इन्क्विझिशनची, म्हणजे धर्मन्यायालयाची, कचेरी १५६० मध्ये स्थापन झाली, ती १८१२ पर्यंत मधल्या थोड्या खंडाखेरीज चालू होती. आणि तिचे ‘मोठे घर’, ज्याचे नाव घेताना लोक आवाज उतरवीत, ते याच चौकात कॅथेड्रलच्या दक्षिणेस, आदिलशहाच्या जुन्या वाड्यात होते. आरोपींची मिरवणूक निघावयाची असे त्या पहाटे हीच कॅथेड्रलची घंटा वाजे, असे दलों या फ्रेंच वैद्याने लिहून ठेवले आहे. तो स्वतः १६७६ पर्यंत तिथल्या कोठडीत होता. मराठी माणसाला घंटा म्हटले की निराळीच आठवण होते. चिमाजी आप्पाने १७३९ मध्ये वसई घेतल्यावर तेथील चर्चांच्या घंटा घाटावर गेल्या. भीमाशंकरला, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात त्या आजही वाजतात. गोव्याच्या सुवर्णघंटेला हा प्रवास घडला नाही.

घडणार होता, असे मात्र १६८३ मध्ये काही काळ वाटले. संभाजीमहाराजांची फौज नोव्हेंबरअखेर जुवे बेटावर उतरली, आणि राजधानीच्या तटावरून तोफा ऐकू येऊ लागल्या. विजरई आल्व्होरचा कौंट याने त्या संकटात आपला राजदंड नेऊन ठेवला तो झेवियरच्या शवपेटीशी, म्हणजे रस्त्यापलीकडे. राजाच्या प्रतिनिधीलाही राजाची इगर्जी आठवली नाही! पुढे मोगली फौजा कोकणात आल्यामुळे मराठ्यांना माघार घ्यावी लागली आणि गोवा वाचला. श्रेय मात्र झेवियरच्या पदरात पडले.

उत्तरेकडचा जोडमनोरा १७७६ मध्ये कोसळला. वीज पडून कोसळला, असे सांगतात. आणि तो पुन्हा बांधला गेला नाही. शिल्लक चौथऱ्याच्या आडव्या रेषेने इमारतीची डौलदार समतोलता बिघडवली आहे, असे काही प्रवासी लिहितात. मला तसे वाटत नाही. त्या तुटीमुळेच तिला चेहरा आला. तेथे असलेल्या एका वृद्ध गोवेकर गृहस्थांना मी मनोरा का बांधला नाही, असे विचारले. ते म्हणाले, “बांधणार कोण, बाब? त्यावेळी इथे राहायलाच कोण होते?” हे अक्षरशः खरे आहे. सच्छिद्र जमिनीतून विहिरींत झिरपणारी घाण, तिच्यातून आलेल्या साथी आणि ओसरलेला व्यापार यांमुळे शहर रिकामे होत गेले. १६९५ मध्ये विजरईनेच आपला मुक्काम पणेलीला हलवला. १८४३ मध्ये पणजी ही रीतसर राजधानी ठरली, आणि तिची घरे बांधण्यासाठी येथील वाड्यांचे चिरे होड्यांतून नेले गेले. १८३५ मध्ये मठवासी संघांची हकालपट्टी झाली, तेव्हा सेंट ऑगस्टीनचे भव्य देवालय ओस पडले. १८४२ मध्ये त्याचे छत पडले, १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा. टेकडीवर त्याचा उरलेला ४६ मीटरांचा जांभ्याचा कडा आजही उभा आहे. से मात्र वाचली, आणि तीही तिच्या सरकारीपणामुळेच: ती कोणत्याही मठाची नव्हती, आर्चबिशपची होती, म्हणून येथील पूजाअर्चा अखंड चालू राहिली.

दुसरे कारण गिलाव्याचे आहे. जांभा उघडा पडला की कोकणचा पाऊस त्याला सावकाश खातो, हे आपल्याकडे घर बांधणारा कोणीही सांगेल. १९५० च्या दशकात बॉम जेझूचा गिलावा काढून टाकण्यात आला, त्यामुळे ती लाल, प्राचीन आणि रसिकांना प्रिय झाली आणि तिच्या दगडांची काळजी लागून राहिली. सेवर पांढरा चुना राहिला. शेवाळाचे हिरवट ओघळ त्यावर उमटलेच आहेत, पण ते वरवरचे. १९८६ मध्ये या परिसराला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात ही पांढरी आणि ती लाल, दोन्ही आल्या.

एका गोष्टीची मात्र दखल घेतली पाहिजे. दर दहा वर्षांनी झेवियरच्या अवशेषांचे जाहीर दर्शन होते, तेव्हा ते मिरवणुकीने रस्ता ओलांडून सेमध्ये आणले जातात, कारण एवढा लोकसमुदाय बॉम जेझूत मावत नाही. नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळातले दर्शन अलीकडचे. त्या आठवड्यांत येथे पाय ठेवायला जागा नसते. आठ वर्षांच्या राजाच्या नावाने आखलेली ती अवास्तव लांबीरुंदी अशा रीतीने दहा वर्षांतून एकदा पुरेपूर उपयोगात येते.

निघताना मी इमारतीला वळसा घालून मागे, असिसीच्या सेंट फ्रान्सिसच्या इगर्जीपलीकडे, सेंट कॅथरिनच्या मूळ प्रार्थनामंदिराकडे गेलो. आजचे बांधकाम १९५२ मधल्या पुनर्बांधणीचे, जांभ्याचे, छोटेसे. तिथे सांगलीकडच्या एका शाळेची सहल आली होती. मुले उतारावरून धावत होती आणि मास्तर हातातल्या कागदावर खुणा करीत होते. “साहेब, मोठे चर्च हेच का?” त्यांनी मला विचारले. मी त्यांना से दाखवली, आणि मुख्य वेदीकडे जाण्याआधी मुलांना उजवीकडच्या जाळीशी घेऊन जा, असे सांगितले. त्यांनी कागदावर ‘जाळी’ असे लिहून घेतले आणि शिट्टी वाजवून मुलांची रांग लावायला सुरुवात केली.